कबूल म्हणण्याआधी, तिकीट काढण्याआधी



गेल्या महिन्यात उत्तर नागपुरातील एक जोडपे आमच्याकडे आले. गृहस्थ एस.टी.च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले, बाईंनी अंगणवाडीत मदतनीस म्हणून काम केलेले. थोरला मुलगा अमेरिकेत आहे. शिष्यवृत्ती मिळवून शिकायला गेला आणि शिक्षण संपल्यावर तिथेच नोकरीला लागला. धाकट्या मुलीचे लग्न ठरले होते. पत्रिका छापून झाल्या होत्या आणि स्वागतोत्सुकांत पहिले नाव या मुलाचेच होते. मुलगा मात्र फोनवर सांगत होता की, येणे जमणार नाही, वकील नको म्हणतो. वकील कशाला लागला, असे खोदून विचारल्यावर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट त्याने पहिल्यांदाच घरी सांगितली.

एका मोठ्या दुकानात त्याने सामान घेतले होते. पैसे घेणारे यंत्र गिऱ्हाइकाने स्वतःच चालवायचे होते. दोन वस्तूंची नोंद झाली नाही. दाराशी रखवालदाराने अडवले, पोलीस आले, बोटांचे ठसे घेतले गेले. कोर्टात सरकारी खर्चाने मिळालेला बचावाचा वकील म्हणाला, गुन्हा कबूल कर, दंड भर, अर्ध्या तासात मोकळा होशील. पुढच्या आठवड्यात परीक्षा होती. पोराने हो म्हटले, दंड भरला आणि शरमेपोटी कोणाला काही न सांगता गप्प बसला.

त्याची आई आम्हाला म्हणाली, "दंड भरला, सुटला ना जी तो? मग आता घरी येऊ नको म्हणून कायले सांगते तो वकील?"

या माउलीच्या प्रश्नाचे उत्तर आज आम्ही देणार आहोत. कुटुंबाच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून हे लिहीत आहोत. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती, केंद्र सरकारची नॅशनल ओव्हरसीज शिष्यवृत्ती, बँकेचे कर्ज, आईचे दागिने, अशा नाना मार्गांनी आपल्या वस्त्यांतील मुले-मुली परदेशी जात आहेत. ज्यांच्या घरात आधी कोणी पासपोर्टही पाहिला नव्हता, त्या घरांत आज अमेरिकेचे फोन येतात. मुलांना विमानात बसवताना आपण लोणचे देतो, गोधडी देतो. तिथल्या कायद्याबद्दल चार शब्द मात्र कोणी सांगत नाही, कारण ते आपल्याला कोणी सांगितलेले नसतात.

दोन कोर्टे, दोन हिशेब

आपल्याकडे जुगाराच्या, वाहतुकीच्या किंवा अशाच किरकोळ केसमध्ये मॅजिस्ट्रेटसमोर गुन्हा कबूल करायचा, दंड भरायचा आणि घरी यायचे, ही नेहमीची रीत आहे. रोजी बुडवून तारखांना कोण जाणार? गरीब माणसाला खटला लढण्यापेक्षा दंड स्वस्त पडतो. हीच समजूत घेऊन आपली मुले तिकडे जातात आणि तिकडचे कोर्टही त्यांना तेच सांगते.

अमेरिकेत फौजदारी खटले साक्षीपुराव्यापर्यंत जातात ते फार थोडे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या एका निकालात नमूद केले की, संघराज्याच्या न्यायालयांतील ९७ टक्के आणि राज्यांच्या न्यायालयांतील ९४ टक्के दोषसिद्धी आरोपीच्या कबुलीवरून होतात. सरकारी वकील कलम थोडे हलके करतो, आरोपी कबुली देतो, न्यायाधीश शिक्का मारतो. म्हणजे कबुली हा तिथे अपवाद नव्हे, राजमार्ग आहे. तिथल्या नागरिकाला हा सौदा अनेकदा परवडतो. दंड भरला, काही महिने देखरेखीखाली काढले की प्रकरण मिटते.

परंतु जो नागरिक नाही, त्याच्यासाठी ही कबुली दुसऱ्या एका कार्यालयाच्या वहीतही उतरते. ते कार्यालय म्हणजे इमिग्रेशन खाते. फौजदारी कोर्ट शिक्षा किती ते ठरवते. इमिग्रेशन खाते हा माणूस देशात राहू शकतो का आणि बाहेर गेला तर परत येऊ शकतो का, हे ठरवते. पहिल्या कोर्टाने ज्याला किरकोळ म्हटले ते दुसरे खाते किरकोळ मानेलच असे नाही. फौजदारी खटल्यात गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळतो. इमिग्रेशन कोर्टात वकील आणण्याचा हक्क आहे, पण तो स्वतःच्या पैशाने. सरकार देत नाही. जिथे संपूर्ण आयुष्य पणाला लागते तिथे गरिबाला एकट्याने उभे राहावे लागते.

१९९६ साली अमेरिकेने इमिग्रेशनचा कायदा फार कडक केला. 'दोषी ठरणे' याची व्याख्या त्या कायद्याने रुंद केली. आरोपीने गुन्हा कबूल केला, किंवा 'आरोप लढवत नाही' एवढेच म्हटले, आणि न्यायाधीशाने त्यावर काही ना काही शिक्षा, दंड किंवा बंधन घातले, की इमिग्रेशनच्या हिशेबात तो माणूस दोषी ठरला. राज्याच्या कोर्टाने "वर्षभर नीट वाग, मग केस काढून टाकू" असे सांगितले आणि पुढे केस खरोखर काढून टाकली, तरीही आधी कबुली दिली असेल तर इमिग्रेशन खाते ती सहसा मोजते. तुरुंगवास ठोठावून तो स्थगित ठेवला, माणूस एक दिवसही आत गेला नाही, तरी तो कालावधी पूर्ण धरला जातो. "माझे रेकॉर्ड पुसले आहे" असे पुष्कळ मुले समजतात. पोलिसांच्या वहीतून पुसले असेल, इमिग्रेशनच्या वहीतून बहुधा पुसलेले नसते.

कोणता गुन्हा किती जड

गुन्ह्यांची यादी लांब आहे. आपल्या मुलांशी आणि कुटुंबांशी ज्यांचा संबंध येऊ शकतो, तेवढेच येथे सांगतो.

पहिला प्रकार चोरी आणि फसवणुकीचा. दुकानातून वस्तू उचलणे, खोटी सही, दुसऱ्याचे कार्ड वापरणे. याला तिथला कायदा नैतिक अधःपतनाचा गुन्हा म्हणतो. वस्तूची किंमत किती, हा यात मुख्य मुद्दा नाही. प्रवेश मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत असा गुन्हा केला आणि त्या कलमाला एक वर्ष किंवा अधिक शिक्षा होऊ शकत असेल, तर एकाच गुन्ह्यावरून देशाबाहेर काढता येते. वेगवेगळ्या प्रसंगांचे असे दोन गुन्हे असतील तर मग कितीही वर्षे झालेली असोत.

दुसरा प्रकार अमली पदार्थांचा. येथे आपली मुले हमखास फसतात. अमेरिकेतील अनेक राज्यांनी गांजाला परवानगी दिली आहे, दुकानात राजरोस विकला जातो. परंतु इमिग्रेशनचा कायदा राज्याचा नसून संघराज्याचा आहे, आणि संघराज्याच्या यादीत गांजा आजही नियंत्रित पदार्थ आहे. स्वतःपुरता ३० ग्रॅमपर्यंतचा गांजा एकदाच सापडला, तर आत राहणाऱ्याला देशाबाहेर काढण्यातून सूट आहे. बाहेरून आत येणाऱ्याला मात्र तेवढ्यावरूनही अडवता येते. तिथे तर शिक्षा झालेली असण्याचीही गरज नाही, अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली पुरते.

तिसरा प्रकार घरातील मारहाणीचा. पत्नीवर, जोडीदारावर किंवा मुलांवर हात उगारल्याबद्दल दोषी ठरलेल्या माणसाला, किती वर्षांचे वास्तव्य आहे हे न बघता, बाहेर काढता येते. यावरून "पोलिसांना बोलावू नकोस, माझा व्हिसा जाईल" अशी धमकी बायकोला देणारे महाभाग आहेत, म्हणून स्पष्ट सांगतो. मार खाणाऱ्या बाईने तक्रार केली म्हणून तिचा हक्क जात नाही. पती अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल तर छळ सोसणाऱ्या पत्नीला त्याच्या मदतीशिवाय स्वतःचा अर्ज करण्याची सोय १९९४ पासून आहे, आणि पोलीस तपासाला साह्य करणाऱ्या पीडितांसाठी २००० सालापासून वेगळा व्हिसा आहे. आपल्या मुली तिकडे नांदत असतील, तर ही दोन वाक्ये त्यांना जरूर वाचून दाखवा.

चौथा प्रकार दारू पिऊन गाडी चालवण्याचा. साधी पहिली केस असेल तर तेवढ्यावरून सहसा बाहेर काढत नाहीत. परंतु २०१५ पासून अशी नुसती अटक झाल्यावरसुद्धा व्हिसा रद्द करण्याची पद्धत सुरू झाली आहे.

शेवटी एक शब्द लक्षात ठेवावा, 'अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी'. नावावरून खून-दरोडा वाटतो. प्रत्यक्षात एक वर्षाची शिक्षा सुनावलेली चोरी, ती स्थगित असली तरी, यात बसते. दहा हजार डॉलरवर नुकसान करणारी फसवणूकही बसते. या यादीत नाव गेले की दयेचे जवळजवळ सगळे दरवाजे बंद होतात.

म्हणूनच ३६५ दिवसांची शिक्षा आणि ३६४ दिवसांची शिक्षा यांत तिथे जमीन-अस्मानाचे अंतर आहे. हे ओळखून वॉशिंग्टन राज्याने २०११ मध्ये, कॅलिफोर्नियाने २०१५ पासून आणि न्यूयॉर्कने २०१९ मध्ये किरकोळ गुन्ह्यांची कमाल शिक्षा ३६४ दिवसांवर आणली. एका दिवसाने शेकडो संसार वाचू शकतात. जाणता वकील हाच एक दिवस मागून घेतो. अजाण वकील "वर्षभराची स्थगित शिक्षा, काही त्रास नाही" असे सांगून मोकळा होतो.

"तुला काळजी नको"

वकिलाचा असा एक सल्ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. होजे पडिया हे मूळचे होंडुरास देशाचे. चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी, पुढे ट्रकचालक. केंटकी राज्यात त्यांच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. इतकी वर्षे इथे आहेस, तुला इमिग्रेशनची काळजी नको, असे वकिलाने सांगितले. त्यावर विसंबून त्यांनी कबुली दिली आणि मग कळले की, या गुन्ह्यासाठी हद्दपारी जवळजवळ अटळ आहे. ३१ मार्च २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, कबुलीमुळे देशाबाहेर जाण्याचा धोका आहे की नाही, हे आरोपीला सांगणे बचावाच्या वकिलाचे कर्तव्य आहे. तेव्हापासून हा प्रत्येक परदेशी आरोपीचा हक्क आहे. मात्र २०१३ मध्ये त्याच न्यायालयाने ठरवले की, २०१० पूर्वी ज्यांची प्रकरणे अंतिम झाली त्यांना या निकालाचा लाभ नाही.

दुसरे गृहस्थ ली. १९८२ मध्ये तेरा वर्षांचे असताना दक्षिण कोरियातून आले, मेम्फिस शहरात खानावळी चालवल्या, म्हातारे आईबाप सांभाळले. अमली पदार्थांच्या प्रकरणात वकिलाने हद्दपारी होणार नाही अशी खात्री दिली, यांनी कबुली दिली, आणि ती खात्री खोटी ठरली. सरकारचे म्हणणे असे की, पुरावा इतका भक्कम होता की खटला लढूनही हे हरलेच असते, मग नुकसान काय झाले? २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मान्य केले नाही. ज्याचे सारे आयुष्य त्या देशात आहे, तो तिथे राहण्याची अंधुक आशा असली तरी लढणेच पसंत करील, हे न्यायालयाला पटले. कबुली रद्द झाली.

हे दोन निकाल वाचून मन सुखावते. परंतु तिथवर पोहोचायला या माणसांची किती वर्षे गेली, याचाही विचार करा. चुकीची कबुली मागे घेणे म्हणजे विहिरीत पडलेली घागर काढणे. ती पडण्याआधी दोर तपासलेला बरा.

बाहेर जाणे सोपे, आत येणे अवघड

आता प्रवासाकडे वळू. नागपूरच्या माउलीचा प्रश्न इथेच आहे. मुलगा दोन वर्षे तिकडे नीट नोकरी करतो आहे, कोणी त्याला हात लावला नाही. मग घरी आला तर बिघडते काय?

बिघडते ते असे. आत राहणाऱ्याला बाहेर काढण्याचे नियम वेगळे आणि दाराशी उभ्या असलेल्याला आत घेण्याचे नियम वेगळे. आत राहणाऱ्याला बाहेर काढायचे तर सरकारला ठरावीक कारण सिद्ध करावे लागते. दाराशी उभ्या असलेल्या व्हिसाधारकाला मात्र मी आत येण्यास पात्र आहे, हे स्वतः दाखवावे लागते. आणि दाराचे नियम अनेक बाबतींत जास्त कडक आहेत. नैतिक अधःपतनाचा एकच गुन्हा, मग तो पाच वर्षांपूर्वीचा असो की पंधरा, दाराशी आडवा येऊ शकतो. त्याला एक लहानशी सूट आहे. आयुष्यात असा गुन्हा एकच असेल, त्याची कमाल शिक्षा एक वर्षाहून अधिक नसेल आणि प्रत्यक्ष सुनावलेली शिक्षा सहा महिन्यांहून अधिक नसेल, तर वाट मोकळी राहू शकते. पण आपले प्रकरण या सुटीत बसते की नाही, हे कोर्टाचा कागद वाचूनच ठरते.

ग्रीन कार्ड असलेला माणूस थोड्या दिवसांसाठी बाहेर गेला तर एरवी त्याला नवा प्रवेश मागणारा समजत नाहीत. परंतु या प्रकारचा गुन्हा नावावर असेल तर १९९६ च्या कायद्यानुसार ती सवलत उरत नाही. सहल एका दिवसाची असली तरी चालत नाही. नायगारा धबधबा पाहायला गेलेले कुटुंब हौसेने पूल ओलांडून कॅनडाच्या बाजूला जाते आणि परतताना दाराशी उभे राहते. त्यांच्या मते ती सहल, कायद्याच्या मते तो नवा प्रवेश.

पनागिस वार्तेलास या ग्रीक गृहस्थांचे असेच झाले. १९८९ पासून ते ग्रीन कार्डधारक होते. १९९४ मध्ये बनावट प्रवासी धनादेशांच्या प्रकरणात त्यांनी कबुली दिली, शिक्षा भोगली आणि पुन्हा कामाला लागले. अधूनमधून आईवडिलांना भेटायला ग्रीसला जात. जानेवारी २००३ मध्ये असेच आठवडाभर जाऊन परतले, तेव्हा न्यूयॉर्कच्या विमानतळावर अडवले गेले. नऊ वर्षांपूर्वीची कबुली पुढे आली. नऊ वर्षे कोर्टकचेरी केल्यावर मार्च २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. पण का? तर त्यांची कबुली १९९६ च्या कायद्याच्या आधीची होती म्हणून. त्यानंतर कबुली दिलेल्या कोणालाही हे कारण मिळणार नाही. आमच्या मुलांपैकी तर कित्येकांचा जन्मच त्यानंतरचा आहे.

नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर असलेल्यांना आणखी एक गोष्ट समजली पाहिजे. पासपोर्टावरचा व्हिसा हा दाराशी जाण्याचा परवाना आहे. आत आल्यावर राहण्याची मुदत हा वेगळा कागद असतो. व्हिसाची तारीख उलटली तरी आत राहणे कायदेशीर असू शकते. पण एकदा बाहेर पडले की नव्या व्हिसासाठी मुंबईच्या वकिलातीत अर्ज करावा लागतो. त्या अर्जात 'कधी अटक झाली होती का, गुन्ह्यात दोषी ठरलात का' असा सरळ प्रश्न आहे, आणि माफी मिळाली असली तरी उत्तर 'होय' द्यायचे, असे त्यात लिहिलेले असते. बोटांचे ठसे जुळतातच. दारूच्या केसमध्ये वैद्यकीय तपासणीला पाठवतात. खोटे उत्तर दिले तर मूळ गुन्ह्यापेक्षा ते खोटे बोलणे जड जाते, कारण फसवून व्हिसा मागणाऱ्यावर कायमची बंदी येऊ शकते.

मुळात गुन्हा सिद्धच झाला नाही, त्यांचीही सुटका नेहमी होते असे नाही. २०२५ च्या मार्च-एप्रिलमध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या वास्तव्याच्या नोंदी अचानक बंद करण्यात आल्या. त्यांत भारतीय पुष्कळ होते. त्यांची नावे गुन्ह्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीशी ताडून पाहिली होती, आणि त्यांतील कित्येकांच्या केस काढून टाकलेल्या किंवा वाहतुकीच्या किरकोळ होत्या. विद्यार्थी कोर्टात गेले आणि २५ एप्रिल रोजी सरकारने नोंदी परत सुरू करीत असल्याचे न्यायालयाला सांगितले. परंतु नोंद परत आल्याने रद्द झालेला व्हिसा आपोआप जिवंत होत नाही. त्या दिवसांत जो घाबरून विमानात बसला, त्याचे परतणे अवघड झाले.

ज्यांच्याजवळ कागद नाहीत, त्यांची गोष्ट आणखी बिकट आहे. मुदत संपल्यावर १८० दिवसांहून अधिक, पण वर्षाच्या आत राहून बाहेर पडले तर तीन वर्षे परत येता येत नाही. एक वर्ष किंवा अधिक राहिले तर दहा वर्षे. ही बंदी बाहेर पाऊल टाकल्यावर लागते, हे विशेष. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना अनेकांना बाहेर जाण्यासाठी आधी लेखी परवानगी घ्यावी लागते, नाहीतर अर्ज सोडून दिला असे समजतात. आणि जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या नव्या कायद्याने, परवानगीवाचून शिरलेल्या माणसावर चोरीचा नुसता आरोप असला, दुकानातील वस्तू उचलल्याचा का असेना, तरी त्याला कोठडीत ठेवणे सक्तीचे केले आहे.

तिकडच्या मुलांनी काय करावे

अटक झाली तर खोटे बोलू नये, आणि वकील येईपर्यंत घडलेल्या प्रकाराबद्दल बोलूही नये. गप्प राहण्याचा हक्क तिथे सर्वांना आहे. परदेशी माणसाला आपल्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा हक्क १९६३ च्या व्हिएन्ना करारान्वये आहे. न्यूयॉर्क, शिकागो, ह्यूस्टन, अटलांटा, सॅन फ्रान्सिस्को, सिएटल येथे भारताची वाणिज्य दूतावास कार्यालये आहेत.

बचावाच्या वकिलाला पहिल्याच भेटीत सांगावे, "मी नागरिक नाही." कोणत्या व्हिसावर आलो, कधी आलो, आधी काही केस झाली का, हे सर्व सांगावे. मग विचारावे, "या कबुलीचा माझ्या राहण्यावर काय परिणाम होईल? आणि मी बाहेर गेलो तर परत येण्यावर काय होईल?" प्रश्न दोन आहेत. पहिल्याचे उत्तर मिळाले की पुष्कळ जण दुसरा विचारतच नाहीत. वकिलाला माहीत नसेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचारण्यासाठी तारीख मागून घ्यावी. इंग्रजी नीट समजत नसेल तर दुभाषा मागावा, त्यात लाज नाही. अनेकदा त्याच दंडात, त्याच शिक्षेत, वेगळ्या कलमाखाली कबुली देता येते आणि धोका टळतो. कधी कबुली न देता, काही अटी पाळून केस काढून घेण्याचा मार्गही असतो.

केस चालू असताना देश सोडू नये. तारीख चुकली की वॉरंट निघते आणि लहान गोष्ट मोठी होते. केस संपली की कोर्टाकडून निकालाची प्रमाणित प्रत घेऊन जपून ठेवावी. आणि नागरिकत्वाचा अर्ज करतानाही जुनी कबुली वकिलाला दाखवावी, कारण त्या अर्जाबरोबर जुनी पाने पुन्हा उघडली जातात.

भारतातील अटकेबद्दलही तेच. मोर्चात, आंदोलनात ज्यांना कधी पोलिसांनी धरले असेल, त्यांनी व्हिसाच्या अर्जात ते लपवू नये. केस मागे घेतली असेल, सुटका झाली असेल, तर तसा कोर्टाचा कागद आधीच काढून ठेवावा. हक्कासाठी झालेली अटक ही शरमेची गोष्ट नाही. लपवलेली अटक मात्र महागात पडते.

घरच्यांनी काय करावे

आणि आता आपल्याबद्दल. मुलांवर सगळ्यात जास्त दडपण कायद्याचे नसते, आपले असते. "काहीही कर, पण ये" असे आपण फोनवर म्हणतो. लग्न असते, आजारपण असते, कधी मातीही असते. मूल नाही म्हणू शकत नाही आणि खरे सांगूही शकत नाही. म्हणून ते विमानात बसते आणि मग दाराबाहेर राहते. तेव्हा मुलाने "वकिलाला विचारून सांगतो" म्हटले, तर त्याला वेळ द्या. त्याची टाळाटाळ चालली आहे असे समजू नका. आणि आपल्या घरात एवढी मोकळीक ठेवा की, पोलीस स्टेशनात जावे लागले तर पहिला फोन आईबापांना करण्याची त्याला भीती वाटू नये. इथल्या कोणा एजंटाला "सेटिंग" साठी पैसे देऊ नका. अमेरिकेतला नोटरी हाही वकील नसतो.

त्या जोडप्याला आम्ही एवढेच सांगितले की, जा किंवा जाऊ नको हे ठरवणे आमच्या अधिकारातले नाही. मुलाच्या वकिलाने मागितलेला कोर्टाचा कागद हाती येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे आहे. लहान गुन्ह्याच्या सुटीत प्रकरण बसेल अशी आशा त्या वकिलाला आहे. पण मुलाच्या व्हिसाची तारीख उलटलेली, आणि मुंबईत तो किती आठवडे किंवा महिने अडकेल हे कोणी सांगू शकत नाही. घराच्या कर्जाचा हप्ता त्याच नोकरीतून जातो.

वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोक म्हणतील, अमेरिकेत गेला अन् बहिणीले विसरला." तेव्हा आई म्हणाली, "लोकाईले मी सांगतो काय सांगायचं ते. पोरगं घरात खरं बोललं, तेवढं पुरे आहे मले."

या महिन्याच्या सुरुवातीला वस्तीतील विहारात मुलीचा मंगल परिणय पार पडला. नागपुरात साडेअकरा वाजले होते, मुलाकडे रात्रीचे दोन. मामाने फोन हातात उंच धरला होता. पत्रिकेत पहिले नाव होते तसेच राहू दिले होते. मुलीने पुष्पहार घालण्याआधी फोनकडे पाहून हात जोडले, आणि दादा तिकडे खोलीत उभा राहिला.

कोर्टाचा कागद आता वकिलाकडे पोहोचला आहे. पुढच्या वर्षी, सारे नीट तपासून, मुलगा घरी येण्याचा विचार करतो आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले बाहेर आहेत, त्यांनी हे पान कापून ठेवावे आणि पुढच्या फोनवर त्यांना दोनच गोष्टी सांगाव्यात. कोर्टात कबूल म्हणण्याआधी विचार. घरी येण्याचे तिकीट काढण्याआधी विचार. आम्ही इथेच आहोत.